चौथ्या मजल्यावरची गोमतीकाकू

गोमतीकाकू नव्या माणसाला आधी नाव विचारत नसे. ती विचारायची, "कोणकोणतं गाव पाह्यलं?"

बदली होऊन मी दिग्रसच्या बँकेत रुजू झाले, त्याच दिवशी सहकाऱ्यांनी दुपारच्या जेवणासाठी तिच्या खानावळीचा रस्ता दाखवला. बसस्टँडच्या मागे पत्र्याची ओसरी आणि आत चार टेबलं. माझ्यापुढे ताट ठेवून ती तशीच उभी राहिली आणि तिनं हा प्रश्न केला. मला वाटलं, मूळ गाव विचारते आहे. मी नाशिक म्हणाले. "थे तं तुहं गाव झालं. पाह्यलं कोणतं?" मी आठवून आठवून चार-पाच नावं सांगितली, त्यातली दोन शाळेच्या सहलीतली होती. नावं संपली तसा तिचा चेहरा उतरला. हातात पगार असलेल्या आणि मागे कुणी अडवणारं नसलेल्या बाईनं एवढीच गावं पाहावीत, याचं तिला खरोखर वाईट वाटलं. मग सुट्टीत करतेस काय, असं तिनं विचारलं. झोपते, मी म्हटलं.

"झोपाले मेल्यावर टाइम हायच," असं म्हणून तिनं न मागता माझ्या ताटात दुसरी भाकर टाकली. त्या दिवाळीनंतर मी तिच्यासोबत राजस्थान पाहून आले.

गोमती राठोड मूळची दिग्रसजवळच्या एका तांड्यावरची. मुलगा प्रकाश लहान असतानाच नवरा आजारपणात गेला. सासरच्या शेताचा वाटा कसायला देऊन ती गावात आली आणि तिनं खानावळ टाकली. ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, एखादी भाजी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. बँकेतले, तहसिलीतले, जिनिंगवरचे मुनीम, घर सोडून शिकायला आलेली मुलं, सगळे तिच्याकडे जेवत. त्या भाकरीवर प्रकाश शिकला, महागावला शिक्षक झाला, त्याचं लग्न झालं. तो तिला याडी म्हणतो; बंजाऱ्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. आम्ही बाकी सगळे काकू म्हणायचो. अंगानं थोराड, आवाज मोठा, चालणं असं की समोरचा आपोआप बाजूला होई.

वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, ती खानावळीला कुलूप लावायची आणि गल्लीतल्या बायकांना घेऊन निघायची. यात्रा म्हटलेलं तिला चालत नसे. देव रस्त्यात लागला तर ती हात जोडायची, पण देवासाठी निघायची नाही. "पाहाले चाललो," एवढंच सांगायची. तिचे नियम पक्के होते. नवरे बरोबर घ्यायचे नाहीत. दिवसातून घरी फोन एकच, कारण "जास्त फोन केला तं थे वापस बलावून घेतेत." आणि प्रत्येक गावात आधी कधी न खाल्लेला एक तरी पदार्थ खायचा. बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या वंदनाबाईंनी आयुष्यातला पहिला मसाला डोसा काकूच्या धाकापायी खाल्ला.

बाईमाणसानं असं गावोगाव हिंडावं का, असा प्रश्न कुणी ना कुणी काढायचंच. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "आमच्या आज्या-पणज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला. बाया संगं होत्या, लेकरं पाठीवर होते. रेल्वे आली, मिठाचा धंदा गेला, बैल बसले. मानसानं काहून बसाव?" आणि गंमत अशी की ज्या समुद्राचं मीठ तिच्या पूर्वजांनी वाहिलं, तो समुद्र तिच्या घरात कुणीच पाहिला नव्हता. तिनंही नाही. चांगला घास शेवटी खावा तसा तिनं तो राखून ठेवला होता. दोन वर्षांपूर्वी तिनं ठरवलं की यंदा समुद्र.

कोकणातल्या त्या गावाचं आणि हॉटेलचं नाव मी लिहीत नाही, कारण प्रकरण अजून कोर्टात आहे. सात मजली हॉटेल, अगदी किनाऱ्याला लागून. काकूला आणि मला चौथ्या मजल्यावरची खोली मिळाली. पोचलो त्या संध्याकाळी ती नेसत्या लुगड्यानिशी कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली. पाण्यात बोट बुडवून तिनं चाखून पाहिलं आणि लहान मुलीसारखी हसली. आम्ही ओढून काढली तेव्हा कुठे बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत चहासाठी पाणी उकळत होते. काकूनं ओली साडी गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातली होती. वारा सुटला होता. साडीचा पदर बाहेरच्या बाजूला उडून कशाला तरी अडकला, म्हणून ती किंचित वाकून ओढू लागली. हे मी दारातून पाहत होते आणि तिला काहीतरी विचारतही होते. तेवढ्यात कुलूप उघडल्यासारखा खट् असा आवाज झाला. ती ओरडली नाही. कठडा होता तिथे आता नुसता समुद्र दिसत होता.

लिफ्टची वाट पाहण्याइतकं भान मला नव्हतं. मी जिन्यानं खाली धावले. खाली हिरवळीवर कुणाच्या तरी लग्नाचा मंडप घातलेला होता. पिवळ्या कापडाला मोठं भोक पडलं होतं, दोर तुटून लोंबत होते. त्या कापडानं आणि दोरांनी तिला क्षणभर झेललं होतं आणि मग खाली सोडलं होतं. मंडपात हळदीची तयारी चालली होती. नवरीची आई जमिनीवर बसून काकूचं डोकं मांडीवर घेऊन होती आणि कुणीही तिला हलवू नका, असं सगळ्यांना दटावत होती. ती बाई नर्स होती, हे नंतर कळलं. काकूचे डोळे उघडे होते. एक पाय भलत्याच दिशेला वळला होता. मी जवळ बसले तशी ती पुटपुटली, "कोनाच्या आंगावर तं नाई पडली ना मी?"

कुणाच्याच अंगावर पडली नव्हती. मी तसं सांगितल्यावर तिनं डोळे मिटले.

तिच्या उजव्या मुठीत कठड्याच्या नळीचा हातभर तुकडा होता. पडताना तिनं तो पकडला असावा आणि तो तिच्यासकट खाली आला. दवाखान्यात तिथल्या नर्सनं एकेक बोट उलगडलं तेव्हा कुठे तो सुटला. वरून पांढराशुभ्र रंग, नवा दिल्यासारखा. टोकाला मात्र लोखंड गंजून पापडासारखं झालं होतं. बोटानं दाबलं तर चुरा पडत होता.

कंबरेचं हाड, मांडीचं हाड, मनगट आणि काही बरगड्या मोडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले की एवढ्या उंचीवरून पडून बोलत असलेली माणसं त्यांनी फार पाहिलेली नाहीत, मंडप नसता तर हिलाही पाहिली नसती. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात हलवून तिच्यावर शस्त्रक्रिया झाल्या. प्रकाश महागावहून रात्रंदिवस प्रवास करून आला आणि तिच्या पायथ्याशी उभा राहून रडला. ती त्यालाच समजावत होती.

ती शुद्धीवर नीट आली, त्याच दिवशी हॉटेलचा मॅनेजर शहाळी घेऊन भेटायला आला. माणूस बोलायला गोड होता. दवाखान्याचा खर्च हॉटेल उचलेल, पण तक्रार नाही असं लिहून द्यावं, असं त्याचं म्हणणं होतं. शिवाय त्यानं हळूच आठवण करून दिली की गॅलरीच्या दारावर पाटी लावलेली आहे. कठड्यावर टेकू नये, कपडे वाळत घालू नयेत. म्हणजे चूक कुणाची, हे उघडच होतं. जबाब घ्यायला आलेला हवालदार तेव्हा खोलीतच बसला होता.

काकूला धड श्वास घेता येत नव्हता. बरगड्या धरून, थांबत थांबत ती बोलली. "टेकू नका म्हंता. मंग कठडा कायले लावला? दीठ लागू नये म्हून?"

हवालदार हसला आणि मग घाईघाईनं गंभीर झाला. काकू पुढे म्हणाली, "एका साडीचं वजन झेपत नाई त्याले. मानूस काय झेपन?" तिनं डाव्या हातानं उशीखालचा नळीचा तुकडा काढून हवालदारापुढे धरला. त्यानं त्याचे फोटो काढले आणि तुटलेला बाकी कठडा आधीच जप्त केल्यामुळे तुकडा तिच्याकडेच राहू दिला. मी जे पाहिलं ते तसंच्या तसं सांगितलं. ती कठड्यावर चढली नव्हती, बसली नव्हती, फोटो काढत नव्हती. वाकली होती, आणि वाकण्यासाठीच कठडा असतो.

मॅनेजर गेल्यावर प्रकाश तिच्याशी भांडला. सही करून मोकळं व्हावं, असं त्याला वाटत होतं. यवतमाळ जिल्ह्यातली माणसं आपण, कोकणातल्या कोर्टात तारखांना कुठे येत बसणार? जीव वाचला हेच पुष्कळ नाही का?

"जीव देवानं वाचवला," काकू म्हणाली. "कठडा त्यानं नोहता लावला. देवाचं देवाले, मॅनेजरचं मॅनेजरले."

सही झाली नाही.

तिला रुग्णवाहिकेनं दिग्रसला आणलं, तोवर तिची बातमी तिच्या आधी गावात पोचून शिळी झाली होती. आणि एक बातमी नव्हती, दोन होत्या. एक अशी की काकू फोटो काढायला कठड्यावर चढली आणि पडली. दुसरी कुजबुजत सांगितली जायची. सुनेशी पटत नव्हतं, म्हणून तिनं उडी मारली. पहिलीवर काकू चिडायची. दुसरी ऐकून ती गप्प झाली, कारण सून महागावहून येऊन तिच्या उशाशी बसून तिचं सगळं करत होती आणि गावाच्या नजरा सहन करत होती. प्रकाश तर शाळेतसुद्धा कुणाशी बोलेनासा झाला.

भेटायला येणारा प्रत्येक जण आधी हळहळायचा, मग खाटेशी वाकून विचारायचा, नेमकं झालं तरी काय? काकू उत्तर म्हणून नळीचा तुकडा त्याच्या हातात द्यायची आणि गंजलेलं टोक दाबून पाहायला सांगायची. तांड्यावरचे एक म्हातारे नातलग आले होते. त्यांनी तुकडा पाहिला, परत दिला आणि बाई घरात राहिली असती तर यातलं काहीच झालं नसतं, असा निवाडा दिला. काकूनं त्यांना विचारलं, मागच्या साली तुमचा भाऊ कुठं पडला होता? तो घरच्याच विहिरीत पडला होता. म्हातारबुवा चहा न घेता उठले.

पण घरी येणाऱ्यांना सांगून भागणारं नव्हतं, हे तिला कळलं होतं. बसता येऊ लागल्यावर एका बाजाराच्या दिवशी तिनं ऑटो बोलावला. डॉक्टरनं परवानगी दिली नव्हती. तिनं मागितलीही नव्हती. सुनेला एका बाजूला बसवलं, मला दुसऱ्या. तुकडा मांडीवर. भर बाजारातून तिनं ऑटो बैलगाडीच्या चालीनं न्यायला लावला. भाजीवाल्यांपाशी, भांडेवाल्यापाशी, चहाच्या टपरीपाशी ती थांबायची आणि मोठ्यानं सांगायची, मी पडली, उडी नाई मारली, हे पाहा कठड्याचं लोखंड. मग सुनेच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, "अन् हे माही सून. इच्या हातचं खाऊन उठून बसली. कोनाले काही इचाराचं असन तं आत्ता इचारा, मी इथंच हाव." सुनेनं सुरुवातीला डोक्यावरचा पदर पुढे ओढला होता. भाजीबाजार संपेपर्यंत तो तिनं मागे सारलेला मी पाहिला. त्या दिवसानंतर उडीची गोष्ट गावात निदान उघडपणे कुणी बोललं नाही.

ती चालायला लागली, आधी वॉकर धरून, मग काठीनं. एक पाय थोडा आखूड राहिला. खानावळ पुन्हा सुरू झाली. भाकरी तिच्यापाशीच राहिलेली सून करायची, काकू खुर्चीवर बसून ओरडायची. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. पूर्वी पापड-कुरडया घालायला ती दिवसातून दहादा गच्चीवर जायची. आता जात नसे. पाय साथ देत नाही म्हणायची. पण त्याच पायानं ती जिना चढून माझ्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत यायची, भिंतीला टेकून बसायची आणि खिडकी लावायला सांगायची.

पुढच्या दिवाळीच्या आधी तिनं गल्लीतल्या बायकांना बोलावून सांगितलं की यंदाही निघायचं. कुठे, तर तिथेच. त्याच हॉटेलात.

कुणाचाच विश्वास बसेना. प्रकाश महागावहून तडक आला. तो रागावला, मग हात जोडले, मग म्हणाला, दुसरीकडे कुठेही जा, मी स्वतः पोचवून देतो. ती ऐकून घेत राहिली. शेवटी म्हणाली, "बापू, मले तिथून उचलून आनलं. मी आपल्या पायानं वापस नाई आली. थे राह्यलं हाय."

बायकांची अडचण वेगळी होती. त्यांना यायचं होतं, पण घरचे सोडत नव्हते. काकू पडल्यापासून दिग्रसच्या कितीतरी घरांत "पाह्यलं ना काय झालं?" हे एक वाक्य तयार झालं होतं. मुलीला मैत्रिणींबरोबर जायचं असो की बायकोला बहिणीकडे, हे वाक्य पुढे यायचं. तिच्या पडण्यानं दुसऱ्या बायकांची दारं लागत होती, याचा तिला मोडलेल्या हाडांपेक्षा जास्त राग होता. काठी टेकत ती घरोघर गेली. वंदनाबाईंच्या दुकानात मी तिच्यासोबत होते. वंदनाबाईंचे यजमान सज्जन माणूस. ते म्हणाले, काकू, तुम्हाला पाहूनच तर भीती वाटते.

"मले नीट पाहा," काकू म्हणाली. "मी मेली का?"

ते नाही म्हणाले.

"मंग इले जाऊ द्या. अन् मेली असती तरी जाऊ द्याची होती. जिन्यावरून मानूस पडते म्हून जिने कोनी तोडत नाई, कठडा पक्का करते."

निम्म्या बायका आल्या. निघताना प्रकाश स्टेशनवर आला होता. त्यानं मला बाजूला घेऊन विनवलं, ताई, तिला गॅलरीत जाऊ देऊ नका. मी शब्द दिला नाही. तो मला पाळता आला नसता.

खोल्या माझ्या नावावर घेतल्या होत्या. रिसेप्शनवर काकूला पाहताच मॅनेजर उठून उभा राहिला. मग सावरून त्यानं तळमजल्यावरच्या खोल्या देऊ केल्या, चांगल्या, बागेकडच्या. तिनं चौथ्या मजल्यावरची तीच खोली मागितली. ती रिकामी होती, त्याला नाही म्हणता आलं नाही.

खोलीत गेल्यावर मी गॅलरीचं दार उघडलं. कठडा नवा होता, जाड, छातीपर्यंत उंच. मी दोन्ही हातांनी हलवून पाहिला. तो जरासुद्धा हलला नाही. काकू उंबऱ्याच्या आतच उभी होती. तिथून तिनं शेजारच्या गॅलरीकडे पाहिलं, मग पलीकडच्या, मग खालच्या. सगळीकडे तोच जुना कमरेखालचा कठडा, वर नवा पांढरा रंग. शेजारच्या गॅलरीत एक वयस्कर बाई कठड्यावर रेलून फोनवर बोलत होती.

"मांजी, पीछे हटो," काकू म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण असा होता की ती बाई पटकन मागे झाली. "मैं यहीं से गिरी थी."

मग ती काठी घेऊन बाहेर पडली. मजल्यामजल्यावर दारं वाजवायला तिनं बायकांना पाठवलं आणि स्वतःही गेली. जे कुणी दार उघडेल त्याला सांगायची, मी या हॉटेलातून पडलेली बाई. कठडा आधी हलवून पाहा. हलला तर दार लावून घ्या. गॅलरीतली खुर्ची कठड्याजवळून आत ओढा, लेकरू तिच्यावर चढते. कुणी वेड्यात काढलं, कुणी दार आपटलं. पण बरेच जण जाऊन कठडा हलवून पाहत होते आणि थोड्या वेळानं उतरलेल्या चेहऱ्यानं खाली येत होते. संध्याकाळपर्यंत रिसेप्शनवर गर्दी जमली. तळमजल्यावरची खोली हवी, पैसे परत हवेत, असा गलका सुरू झाला.

मॅनेजरचा गोडवा संपला होता. हॉटेलची बदनामी केल्याबद्दल पोलीस बोलावतो, असं तो सगळ्यांसमोर काकूला म्हणाला.

"बलाव," ती म्हणाली आणि समोरच्या सोफ्यावर बसली. "मागच्या बारीनं मी झोपून होती. जबाब नीट देता नाई आला."

तिनं पिशवीतून नळीचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. आमच्या बायका तिच्या दोन्ही बाजूंना बसल्या. वंदनाबाई, ज्यांनी घरी कधी मोठ्यानं उत्तर दिलं नव्हतं, त्या जमलेल्या लोकांना तो तुकडा हातात घेऊन दाखवत होत्या. पोलीस आले. योगायोगानं त्यांच्यात तोच हवालदार होता. त्यानं काकूला ओळखलं, काठीकडे पाहिलं आणि साहेबांना घेऊन दोन गॅलऱ्यांचे कठडे स्वतः हलवून आला. खाली आल्यावर साहेबांनी मॅनेजरला आधी जुन्या कठड्यांच्या सगळ्या गॅलऱ्यांना कुलपं लावायला सांगितलं.

आम्ही तिथे होतो तोवरच वेल्डिंगवाले कामाला लागले. दिवसभर ठिणग्या उडत होत्या, ठोकाठोकी चालली होती आणि काकू खाली हिरवळीवर खुर्ची टाकून सगळं पाहत होती. खटला मात्र अजून चालू आहे, तारखा पडतात. प्रत्येक तारखेला ती जाते आणि जाताना दोन-चार बायकांना सोबत नेते. परतीच्या वाटेवर एखादं गाव पाहून येतात. मॅनेजरनं आम्हाला समुद्राचा पास काढून दिला, असं ती म्हणते. माझी आता घाटंजीला बदली झाली आहे. तिच्या हातची भाकर रोज मिळत नाही आणि सुट्टीत झोपण्याची मला लाज वाटते. लोक तिला शूर म्हणतात. बाजारातला ऑटो आणि रिसेप्शनवरचा सोफा, या गोष्टी दिग्रसमध्ये रंगवून सांगितल्या जातात. मला मात्र ती आठवते ती हॉटेलमधल्या दुसऱ्या संध्याकाळची. ती गोष्ट कुणाला माहीत नाही, आणि आता सांगायला तिची हरकत नाही.

त्या संध्याकाळी साऱ्या हॉटेलात एकच गॅलरी उघडी होती, नव्या कठड्याची आमची. आमच्या बायका पाळीपाळीनं तिथे येऊन समुद्र पाहत होत्या. शेजारची ती वयस्कर बाईसुद्धा येऊन गेली. काकू पलंगावर बसून रांग लावत होती. एका वेळी दोघीच, फोटो नंतर, आता मागच्यांना येऊ द्या. ती स्वतः उठली नाही. सगळ्या जेवायला खाली गेल्या तेव्हा खोलीत आम्ही दोघीच उरलो. सूर्य पाण्याला टेकायच्या बेतात होता.

काकू उठली. काठी पलंगाला लावून ठेवली आणि दारापर्यंत गेली. तिथे तिचे पाय थांबले. तिनं दोन्ही हातांनी चौकट धरून ठेवली होती आणि कपाळावर घाम आला होता. इतक्या महिन्यांत, दवाखान्यातसुद्धा, मी तिला असं पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, काकू, राहू दे, इथूनही दिसतो. तिनं मान हलवली.

"मांगून माहा पदर धर," ती म्हणाली. "घट्ट धर. अन् कोनाले सांगू नको."

मी तिच्या मागे उभी राहिले आणि पदर मुठीत गुंडाळून घेतला. ती एक पाऊल पुढे झाली, मग आखूड पाय ओढून दुसरं. कठडा हातभर अंतरावर होता. वारा आला तशी ती थबकली. पदर माझ्या हातात ताणला गेला.

"धरला ना?" तिनं मागे न पाहता विचारलं.

"धरला," मी म्हटलं.

तिनं दोन्ही हात कठड्यावर ठेवले, आणि हळूहळू अंगाचं सगळं वजन त्याच्यावर टाकलं.